चापटीच्या आधी

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होमच्या दुसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मिस रूबींनी सुमनकाकूंना चापट मारली. काकूंचा चष्मा उडाला, त्या खुर्चीवरून घसरल्या आणि टेबलाची कड भुवईला लागली. तीन टाके पडले. रूबींचं वय 84, काकूंचं 82. दोघींनाही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. तासाभराने विचारलं तर झाल्या प्रकारातलं दोघींपैकी एकीलाही काही आठवत नव्हतं. काकू भुवईवरची पट्टी चाचपून पाहत होत्या आणि रूबी आपला हात.

नर्सिंग होम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गल्लीतलं दहा खाटांचं इस्पितळ येतं. अमेरिकेत ते, घरी सांभाळणं शक्य नाही अशा वृद्धांचं कायमचं राहण्याचं ठिकाण असतं. त्यातला हा मजला स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी राखलेला. दाराला आकड्यांचं कुलूप, एका खोलीत दोन खाटा, जेवायला चार-चार जणांची टेबलं. जन्मभर एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकलेली माणसं इथे शेजारी शेजारी बसून सूप पितात: इटालियन, पोलिश, पोर्तोरिकन, आफ्रिकन-अमेरिकन, गुजराती आणि आता मराठीही. 1965 च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या लोकांना दार मोकळं केलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिकडे गेलेली आपली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. काकू 1971 साली नवऱ्याबरोबर गेल्या.

तिकडच्या केंद्र सरकारचा नियम असा, की रहिवाशाला मारहाण झाल्याचा संशय आला तरी दोन तासांच्या आत राज्याच्या खात्याला कळवायचं. त्याप्रमाणे नर्सने घाईघाईत अहवाल लिहिला. रहिवासी रूबी यांनी दुसऱ्या रहिवाशाला विनाकारण मारलं, असं त्यात होतं.

काकूंची मुलगी अनघा ऑफिसातून थेट आली. ती जन्मली-वाढली जर्सी सिटीत, पण मराठी अस्खलित, कारण उंबरठ्याच्या आत दुसरी भाषा बोलायची नाही हा काकूंचा दंडक. आईचा सुजलेला डोळा पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने आईवर हात उचलला तिला उद्याच्या उद्या इथून हलवा, असं तिने नर्सिंगच्या प्रमुख बाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, "रूबींना तपासणीसाठी मानसोपचाराच्या रुग्णालयात पाठवायचं ठरतंय. तोवर डॉक्टर औषध सुरू करतील."

हे 'औषध' काय असतं ते सांगायला हवं. वेडाच्या झटक्यांवरच्या गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच छापायला लावला. माणसाला निव्वळ गप्प ठेवण्यासाठी गोळ्या द्यायला 1987 च्या कायद्याने बंदी आहे. तरी रात्रपाळीला माणसं कमी असली, की गोळीची वाट सोपी वाटते. आणि कागदावर 'विनाकारण मारलं' असं असेल, तर डॉक्टरांनाही वेगळं काही सुचत नाही.

अनघाचा राग त्या एका संध्याकाळचा नव्हता. 1987 मध्ये ती चौदा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात जर्सी सिटीच्या एका वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवलं होतं आणि भारतीयांना शहरातून हुसकावून लावू अशी उघड धमकी दिली होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. काकू तेव्हा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. रोज सकाळी बसस्टॉपवर जाण्याआधी त्या दाराच्या आत उभ्या राहून रुमालाने कुंकू पुसत आणि संध्याकाळी घरात आल्या की चप्पल काढायच्या आधी पुन्हा लावत. अनघाने हे पाहिलं होतं, एक शब्दही न विचारता.

त्यात तीन महिन्यांपूर्वी फ्रँकचा प्रसंग घडला होता. फ्रँक हा बायोनच्या गोदीत काम करून निवृत्त झालेला, त्याच मजल्यावरचा. अनघा दर रविवारी आईची वेणी घालून टिकली लावून द्यायची. एका सोमवारी फ्रँकचं लक्ष त्या टिकलीकडे गेलं आणि त्याने टिकलीवरून डॉटबस्टर्सच्या काळातली तीच जुनी शिवी दिली, वर 'आपल्या देशात चालती हो' असंही ओरडला. काकूंचं इंग्रजी एव्हाना जवळजवळ संपलं होतं. ती शिवी मात्र त्यांना बरोबर कळली. हातातली काठी त्यांनी त्याच्या मनगटावर हाणली. तेव्हा कागदावर 'आक्रमक' म्हणून काकूंचं नाव लागलं होतं, आणि अनघाने दोन पानी पत्र लिहून ते काढायला लावलं होतं. 'आधी काय घडलं ते लिहिल्याशिवाय माझ्या आईला आक्रमक म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही,' हे तिचं वाक्य. व्यवस्थापनाने ते मानलं, नोंद दुरुस्त केली, फ्रँकची जागा बदलली.

फ्रँकला राक्षस ठरवून मोकळं व्हावं असं वाटतं खरं. पण तो रात्री पोलिश भाषेत आईला हाका मारतो. त्याचे आईवडीलही असेच बोटीतून उतरलेले, तुटकं इंग्रजी बोलून लोकांची टिंगल सोसलेले. या आजारात अलीकडचं आधी जातं आणि लहानपणचं शेवटपर्यंत तग धरतं. मागाहून शिकलेली भाषा गळते, पहिली उरते. मेंदूचा कपाळामागचा जो भाग जिभेला आणि हाताला आवर घालतो, तोही ढिला पडतो. म्हणून कुणी म्हणतं, आता बघा, माणसाच्या पोटातलं खरं ओठावर आलं. कुणी म्हणतं, हा आजार बोलतोय, मनावर घेऊ नका. मला यातलं एकही पटत नाही. आजाराला शिव्या तयार करता येत नाहीत. त्या कुणीतरी, कधीतरी, लहान मुलाच्या कानात घातलेल्या असतात. पण त्या माणसाने पुढची साठ-सत्तर वर्षं त्यांच्यावर मात करून काढली असतील, तर ती वर्षं खोटी होती असं म्हणण्याचा हक्कही आपल्याला नाही.

त्या रात्री अनघा आईच्या उशाशी बसली होती, तेव्हा मारी आत आली. मारी हैतीची. अशा ठिकाणी अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही अंगमेहनतीची कामं बहुतेक बाहेरून आलेल्या आणि कृष्णवर्णीय बायकाच करतात, आणि रहिवाशांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकूनही त्याच घेतात. अशा एका मदतनीस बाईचा खटला इंडियाना राज्यातून वरच्या न्यायालयात गेला, तेव्हा 2010 मध्ये निकाल लागला, की 'मला काळ्या बाईचा हात नको' असं रहिवासी म्हणतो म्हणून संस्थेने त्याप्रमाणे कामं वाटून देणं बेकायदा आहे. कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला, पण कान काही बंद करता येत नाहीत. मारीने असं पुष्कळ ऐकलेलं होतं.

ती म्हणाली, "मिस अनघा, मी शेजारच्या टेबलाशी होते. मी पाहिलं ते सांगू का?"

तिने बाजूचा रिकामा ट्रे उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. "रूबी रोज जेवणाच्या वेळी टेबलांवरून फिरते. शाळेच्या खानावळीत मुलांना वाढायची ती, अजूनही तिला वाटतं ही सगळी पोरं आपली आहेत. कुणाचा रुमाल नीट करते, कुणाचा पेला सरळ करते. तुमच्या आईचं ताट असं कडेवर आलं होतं. पडेल म्हणून रूबीने ते आत सरकवलं. एवढंच केलं तिने."

मग मारीने ट्रे एका झटक्यात स्वतःकडे ओढला. अंगावरचा कोट गोळा करून मांडीशी घट्ट धरला. पेल्यात बोटं बुडवून ट्रेवर पाणी शिंपडलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि उलट्या हाताने 'लांब हो' अशी खूण केली. "पाणी रूबीच्या तोंडावर उडालं. तुमच्या आई एकच काहीतरी परत परत म्हणत होत्या. शिव... शिवू..."

अनघाने डोळे मिटून घेतले.

"मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही," मारी म्हणाली. "रूबीलाही नसेल. पण ताट कसं ओढलं ते आम्हां दोघींना कळलं."

काकूंचं माहेर वाईचं, घाटाजवळचा वाडा. सहा वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट, म्हणजे 1947 च्या आसपासची. परसू झाडायला रोज एक बाई यायची. तिचं नाव वाड्यात कुणालाही ठाऊक नव्हतं, जातीच्या नावाने हाक मारत. शिळी भाकरी तिच्या पदरात वरून टाकायची, ती मागच्या दाराच्या पायरीखाली उभी राहून झेलायची. संक्रांतीच्या दिवशी छोट्या सुमनने हातातला तिळगूळ पायऱ्या उतरून तिच्या तळहातावर ठेवला. आजीने माजघरातून पाहिलं. सुमनला दंडाला धरून विहिरीवर नेलं, अंगावरच्या परकर-पोलक्यासकट, पौषातल्या थंडीत, पोहऱ्यावर पोहरे पाणी ओतलं. "शिवलीस? पुन्हा शिवशील?" असं विचारत आजी ओतत होती आणि मधे मधे मारत होती. ती बाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. तिळगूळ तिने खाली ठेवून दिला होता.

वाईहून महाबळेश्वरला चढून पलीकडचा घाट उतरला की महाड येतं. डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते 1927 साली. त्याला वीस वर्षं उलटली होती. त्या पाण्याची हकिगत वाड्याच्या दिंडीदरवाजापर्यंतही आलेली नव्हती.

अनघाला हे सगळं माहीत होतं, कारण काकूंनीच तिला सांगितलं होतं. 1986 च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी पहिल्यांदा पाळली गेली. शाळेत काय काय शिकवलं ते अनघा घरी येऊन सांगत होती, संक्रांतीच्या वड्या डब्यात अजून शिल्लक होत्या, आणि काकूंनी एकाएकी हातातलं काम ठेवून ती विहिरीची गोष्ट सांगितली. "आपल्याकडेही हेच होतं, आणि माझ्या घरात होतं," एवढं म्हणून त्या उठल्या. प्रयोगशाळेत त्यांची जिवाभावाची मैत्रीण कृष्णवर्णीय होती. दोघी वर्षानुवर्षं एका डब्यात जेवल्या. ती मैत्रीण गेली तेव्हा काकूंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

तो सगळा जन्म आजाराने पुसून टाकला होता. डबा गेला, मैत्रीण गेली, तिचं नाव गेलं. विहीर तेवढी राहिली. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला या आजारातली माणसं पुष्कळदा अस्वस्थ होतात, भांबावतात. त्या वेळी ताटाकडे एक काळा हात आला आणि काकू सहा वर्षांच्या झाल्या. आता आजी बघेल, आता विहिरीवर नेईल. त्या ओरडल्या त्यात तुच्छता होती हे मी नाकारत नाही, शिवाशिवीचा तो शब्दच तुच्छतेचा आहे. पण त्या शब्दाच्या आत थंड पाण्याने कुडकुडणारी एक पोर होती. रूबींना हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि कळलं असतं तरी ओढलेलं ताट ओढलेलंच राहतं.

त्या इमारतीत मराठी जाणणारं दुसरं कुणी नव्हतं. मारी मदतनीस, तिचं लेखी म्हणणं कुणी मागितलंही नव्हतं. अनघाने तोंड मिटलं असतं तर सगळं तिच्या मनासारखं झालं असतं. रूबी रुग्णालयात गेल्या असत्या, तिथे गोळ्या सुरू झाल्या असत्या, परत येताना जागा राहील न राहील, आणि 'मारहाण करणारी' असा शिक्का घेऊन आलेल्या बाईला दुसरी संस्था सहजी घेत नाही. काकूंची अब्रू झाकली गेली असती.

अनघाने पुण्याला मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "अगं, आजारी माणसाचं काय घेऊन बसलीस? तिला काय कळतंय? आणि परक्यांपुढे आपल्या घरातलं कशाला उघडं करतेस? झालं गेलं, पांघरूण घाल."

हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला होता, यात शंका नाही. आपल्या बहुतेक घरांतून तो असाच, याच शब्दांत मिळेल. पण हे पांघरूण एका माणसावर घातलं, की उघड्यावर दुसरं कुणीतरी पडतं, आणि ते बहुधा तेच असतं जे आधीपासून उघड्यावर आहे. अनघाने फोन ठेवला आणि फ्रँकच्या वेळचं आपलंच पत्र कॉम्प्युटरवर उघडलं. 'आधी काय घडलं ते लिहिल्याशिवाय' या वाक्यापाशी ती बराच वेळ थांबली.

दोन दिवसांनी बैठक झाली. रहिवाशाची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा नातेवाइकांना बरोबर घेऊन ठरवायचा, असं तिकडच्या कायद्यातच आहे. दोन्ही घरांना एकत्र बसवायचा प्रघात नाही. रूबींच्या मुलानेच तशी मागणी केली आणि अनघाने होकार दिला. तो न्यूअर्कच्या शाळेतला इतिहासाचा निवृत्त शिक्षक. कोट-टाय घालून, समोर कागद नीट लावून बसला होता. अहवाल वाचून दाखवताना 'विनाकारण' शब्द आला तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

अनघा म्हणाली, "यात चूक आहे. सुरुवात माझ्या आईने केली."

तिने वाडा सांगितला, पायरी सांगितली, विहीर सांगितली. पाणी का शिंपडतात ते सांगितलं. तिळगुळासाठी आईला मार बसला होता हे सांगताना ती अडखळली, कारण ते आईच्या बचावासारखं वाटत होतं. म्हणून तिने पुन्हा स्पष्ट केलं, की आपल्या समाजात माणसाच्या स्पर्शाने अन्न बाटतं असं मानत आणि तिची आई त्या संध्याकाळी तेच म्हणत होती. मारीने पाहिलेलं मारीलाच बोलावून विचारा, असंही ती म्हणाली. मारीला बोलावलं. तिने जसं घडलं तसं सांगितलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग रूबींचा मुलगा म्हणाला, "आंबेडकरांचं नाव मी जाणतो. 1946 मध्ये त्यांनी आमच्या ड्यू बॉइसना, आम्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या विचारवंताला, पत्र लिहिलं होतं. मी वर्गात मुलांना सांगायचो, की तिथल्या अस्पृश्यांना आमची गोष्ट आपली वाटली. ती एक दिवस माझ्या आईच्या जेवणाच्या टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं."

रूबींचा जन्म साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीचा. तिथल्या काळ्या मुलांना मैलोगणती चालत शाळेत जावं लागे. पालकांनी साधी एक बस मागितली, आणि त्या मागणीतून उभा राहिलेला खटला शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या 1954 च्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक झाला. मागणीच्या कागदावर सही करणाऱ्या पालकांच्या नोकऱ्या गेल्या. रूबी तेव्हा शाळकरी पोर होत्या. गावातल्या दुकानात टोपी विकत घ्यायची तर ती डोक्यावर घालून बघता येत नसे. काळ्या डोक्याला लागलेली टोपी गोऱ्या गिऱ्हाइकाला कशी विकायची? पुढे घर न्यूअर्कला आलं, 1967 च्या जुलैमधली दंगल त्यांनी खिडकीखाली बसून काढली, आणि एकतीस वर्षं शाळेत मुलांना जेवण वाढलं.

"तुमच्या आईला आजार आहे हे मला कळतं," तो अनघाला म्हणाला. "माझ्याही आईला आहे. पण हाताखालचं ताट ओढून घेतलं आणि वर पाणी शिंपडलं म्हणजे काय, हे विसरायला लावणारा आजार अजून निघालेला नाही. तिने मारायला नको होतं. तुमच्या आईला लागलं त्याचं मला वाईट वाटतं. पण माझी आई मारकुटी नाही. तो शब्द कागदावरून काढा."

अनघाने माफी मागितली. त्याने मान हलवली. माफी दिली की नाही हे तो बोलला नाही, आणि अनघाने विचारलंही नाही. विचारायचा तिला हक्क नव्हता, असं मला वाटतं.

'विनाकारण' शब्द गेला आणि दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या, एवढ्याने कामाला दिशा मिळाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्क लॅक्स आणि कार्ल पिलेमर यांनी सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क राज्यातल्या दहा नर्सिंग होममधल्या दोन हजारांवर रहिवाशांचा अभ्यास केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांच्या काळात साधारण पाचातला एक रहिवासी दुसऱ्या रहिवाशाबरोबरच्या अशा एखाद्या प्रसंगात सापडलेला होता: शिवीगाळ, ढकलाढकली, खोलीत घुसणं, वस्तू उचलणं. म्हणजे ही दोन वाईट बायकांची गोष्ट नव्हे. ज्यांना एकांत नाही, ज्यांना दुखतंय ते सांगता येत नाही, त्यांना एका खोलीत कोंबल्यावर जे होतं ते हे आहे. वंश, भाषा, जात यांच्या जुन्या जखमा त्यात भर घालतात. त्या जखमा कुठे आहेत हे कामावरच्या माणसांना माहीत नसेल, तर ती रोज न कळत त्यांच्यावरच बोट ठेवतात.

काकूंच्या बाबतीत कळलं ते साधंच होतं. त्यांचा खुबा संध्याकाळी ठणकायचा. 'दुखतंय' हा शब्द त्या रोज म्हणत होत्या आणि तो कुणाला समजत नव्हता. अनघाने एका मोठ्या कागदावर रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहून खाटेशी लावले: दुखतंय, पाणी, भूक, लघवी, नको, थंडी. दुखण्याची गोळी दुपारी चारला द्यायचं ठरलं, बरोबर चहा-बिस्किट. जेवणाची त्यांची जागा भिंतीकडे पाठ येईल अशी केली, म्हणजे ताटाकडे येणारा हात समोरून दिसतो, मागून एकाएकी येत नाही. रूबींचं फिरणं कुणी बंद केलं नाही, त्या फिरण्यातच त्यांचा जीव होता. त्यांना घडी घालायला रुमालांची चळत आणि ढकलायला एक हलकी गाडी दिली, खोलीच्या दुसऱ्या बाजूची टेबलं त्यांच्याकडे सोपवली. कुणी त्यांना 'थँक यू, मिस रूबी' म्हटलं की त्या ताठ चालायच्या. औषध सुरू झालं नाही. रुग्णालयात पाठवण्याचा बेत रद्द झाला.

मारीने अनघाकडून एक वाक्य शिकून घेतलं. काकू घाबरून ताट ओढायला लागल्या की ती त्यांच्यासमोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर खाली बसायची आणि आपल्या हैतीच्या वळणाच्या उच्चारात म्हणायची, "आजी रागवत नाही. आजी रागवत नाही." काही वेळा काकूंची मूठ सैल पडायची. काही वेळा त्या मारीलाही लांब हो म्हणायच्या. मग मारी लांब व्हायची आणि थोड्या वेळाने परत यायची. हे तिला लागत नसेल असं कुणी समजू नये. अनघाने नर्सिंगच्या प्रमुखांना लिहून दिलं, की अशा प्रसंगानंतर मारीला थोडी विश्रांती आणि वेगळ्या मजल्यावरचं काम मागण्याची मुभा असावी, आणि 'आजारी आहेत, सोडून दे' असं तिला कुणी म्हणू नये.

दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी झाल्या नाहीत. अशा गोष्टींच्या शेवटी त्यांनी एकमेकींचे हात धरावेत असं वाचणाऱ्याला वाटतं, पण तसं काही घडलं नाही. पुढे एकदा कॉरिडॉरमधल्या खुर्चीवरून दोघींची पुन्हा बाचाबाची झाली. या वेळी नर्सने आधी काय घडलं ते लिहिलं, मग काय झालं ते, मग काय केलं ते. काकूंना एकीकडे नेलं, रूबींना दुसरीकडे, आणि पाच मिनिटांत विषय मिटला.

तुमची आई, वडील, सासू कुणी अशा ठिकाणी असेल, तिकडे किंवा आता आपल्याकडे पुण्या-ठाण्याला निघालेल्या वृद्धसेवा केंद्रांत, तर त्यांचं लहानपण काम करणाऱ्या बायकांना सांगून ठेवा. आवडीचं गाणं आणि आवडीची भाजी सगळेच सांगतात. कशाची भीती घातली होती आणि कुणाचा तिरस्कार शिकवला होता, तेही सांगा, लाज वाटली तरी. आणि तुमच्या घरात कामाला येणाऱ्या मावशींचा कप अजून वेगळा ठेवत असाल, तर तो आजच उचलून बाकीच्या कपांत ठेवा. तो कप रोज बघणारं सहा वर्षांचं मूल 2100 साली ऐंशीच्या घरात असेल.